अनुसूयाक्काच्या जाड सुया

अनुसूयाक्काला स्वतःला क्रोशाचं विणकाम कधी धड जमलं नाही. हे मी तिच्या माघारी सांगते आहे असं नाही. नवी बाई शिकायला आली की पहिल्याच दिवशी ती स्वतः हे सांगायची, आणि पुरावा म्हणून दुधाच्या भांड्यावर घालायचा एक रुमाल पुढे करायची. "चौकोन करायला गेले होते," म्हणायची, "कोपरे मोज की." कोपरे पाच भरायचे. समोरची बाई हसायची आणि हसता हसता तिचे खांदे सैल व्हायचे. मग अनुसूयाक्का तिच्या हातात सुई द्यायची.

मी लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आले ती सत्तावन्न साली. माझे यजमान अरविंद इथल्या एका सरकारी यंत्रकारखान्यात इंजिनिअर होते. उजाडता उजाडता कारखान्याची बस त्यांना घेऊन जायची आणि दिवस मावळायच्या सुमाराला आणून सोडायची. मधला सगळा दिवस मी आणि मल्लेश्वरममधल्या आमच्या दोन खोल्या. कन्नड येत नव्हतं. भाजीवालीशी मी बोटांनी बोलत होते. माझी ती अवस्था बघून घरमालकीणबाईंनीच मला मागच्या रस्त्यावरच्या एका घरी नेऊन सोडलं आणि खुणेनं सांगितलं, हे तुमचे लोक.

तुमचे लोक म्हणजे मराठी बोलणारे. पण ते मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गोंधळलेच. "बसा की. कॉफी स्वल्प घ्या की," असं म्हणत एका ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाईनं माझ्यासमोर पितळी पेला ठेवला. ती अनुसूया. त्यांची माणसं इथं कधी आली ते त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं; तीनशे वर्षं झाली असतील, म्हणत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दाराच्या उंबऱ्यावर दोन्हींची मिसळ.

घर दोन भावांचं. थोरल्या भावाच्या बायको कावेरीअक्का, आणि धाकटे त्रिविक्रमराव, ते रेल्वेच्या कचेरीत होते, त्यांची बायको अनुसूया. कावेरीअक्का उंच, सडसडीत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या क्रोशाच्या कामाचं नाव मल्लेश्वरमभर होतं. लहानपणी त्यांचे वडील कँटोन्मेंटमध्ये नोकरीला होते, तिथं एका मडमेनं त्यांना ही कला शिकवली होती. केसासारखा बारीक साठ नंबरचा दोरा, आणि डोळे बारीक केल्याशिवाय जिच्या टोकाचा आकडा दिसायचा नाही अशी पोलादी सुई. त्यातून त्या जे काढायच्या त्याला विणकाम म्हणायला जीभ रेटत नसे. कोळ्याच्या जाळ्यावर दव पडावं तसं ते दिसायचं. कोणाच्या घरी रेडिओवर, कोणाच्या घरी देवाच्या चौरंगावर कावेरीअक्कांचा रुमाल हमखास असायचाच.

त्यांचा एक वर्गही होता. आठवड्यातून दोन दुपारी पुढच्या पडवीत बायका जमायच्या. मीही जाऊ लागले, कारण निदान तिथं मराठी कानावर पडत होतं.

कावेरीअक्का शिकवायच्या ते असं. प्रत्येकीला एक पोलादी सुई आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी. मग त्या स्वतःच्या हातावर टाका घालून दाखवायच्या, "असं. सरी?" म्हणजे, कळलं ना? त्यांचा हात इतका भरभर चालायचा की 'असं' म्हणजे कसं हे दिसायच्या आत चार टाके होऊन गेलेले असायचे. आपलं चुकलं की त्या काही बोलत नसत. हातातलं काम घ्यायच्या, दोऱ्याचं टोक धरून ओढायच्या. तासभर खपून केलेलं सगळं सर्रकन उसवून जायचं. "नीट होईपर्यंत उसवायचं," एवढंच म्हणायच्या. त्यात राग नसायचा, पण बाई पुढच्या वेळी यायची नाही.

माझ्या तळहातांना घाम येतो. ती बारीक सुई माझ्या बोटांत फिरायची, निसटायची, अंगठ्यात रुतायची. दोरा घामानं करडा पडायचा. एका दुपारी कावेरीअक्कांनी माझं काम पुन्हा एकदा उसवलं, तेव्हा मी हात धुवायचं निमित्त करून मागच्या अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडापाशी उभी राहून रडले.

तिथं अनुसूया फुलं गुंफत बसली होती. केळीच्या सोपटात अबोली आणि मरवा. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गुंफता गुंफताच म्हणाली, "हात धुतलेस का? मग बस की इथं."

मी बसले.

"लग्न होऊन आले तेव्हा अक्कानं मला पण शिकवलं होतं," ती म्हणाली. "मला भोकच दिसत नव्हतं."

"कसलं भोक?"

"साखळीत पुढचा टाका घालायला सुई कुठं खुपसायची ते. अक्काला वाटायचं माझं लक्ष नाही. मी इतकं लक्ष द्यायची की कपाळ दुखायचं. तुला दिसतंय का ते भोक?"

मी खरं सांगितलं. मला कधीच दिसलं नव्हतं. मी अंदाजानं सुई खुपसत होते.

ती उठली आणि आतून परकराच्या नाडीचं बंडल घेऊन आली. पांढरी, जाड, सुती नाडी. "सुई राहू दे बाजूला. बोटंच सुई," म्हणाली. तिनं एक फास केला, त्यातून दोन बोटं घालून नाडी ओढून काढली, पुन्हा बोटं घातली, पुन्हा ओढली. मग ते माझ्या हातात दिलं. मी ओढत गेले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी साखळी झाली. तिनं ती जमिनीवर सरळ पसरली.

"वेणी घातल्यासारखी दिसते की नाही? आता सांग, भोक कुठं?"

प्रत्येक दुव्याच्या मधोमध एक टपोरं भोक होतं. इतके दिवस मी जे शोधत होते ते एवढं साधं होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

"आयतु," ती म्हणाली. झालं. आणि पुन्हा फुलं गुंफायला लागली.

त्या दिवसापासून मी पुढच्या पडवीतून उठून मागच्या अंगणात जायला लागले. पण बोटांनी नाडीच विणत बसून कुठवर चालणार? लोकर घ्यायची, तर जाड सुई हवी होती. आम्ही दोघी चिकपेटेत गेलो, दुकानामागून दुकानं पालथी घातली. जिथं तिथं त्याच टाचणीसारख्या पोलादी सुया. अनुसूयाक्कानं मोडक्या लाकडी डावाचा दांडा तासून बघितला, त्याच्या कुसळानं लोकर फाटली. शेवटी तिला चन्नपट्टणची लाकडी खेळणी आठवली. त्रिविक्रमरावांना रेल्वेचा पास होता. एका रविवारी ते आम्हा दोघींना घेऊन म्हैसूरच्या गाडीत बसले आणि वाटभर वर्तमानपत्रामागून कुरकुरत राहिले, की लोक चन्नपट्टणला बाहुल्या आणायला जातात, माझी बायको सुया आणायला जाते.

तिथल्या कारागिरानं चरकावर पांढरं मऊ लाकूड लावून बघता बघता सुया कातल्या, आकडे कोरले आणि सगळ्यांवर लाखेचा तांबडा-पिवळा रंग चढवला. दिसायला अशा देखण्या, की मी लगेच घरी चला म्हटलं. अनुसूयाक्कानं तिथंच ओसरीवर बसून पिशवीतली लोकर काढली आणि एकेक सुई चालवून बघायला लागली. तिचं अडत होतं. या सुईवर लाखेला लोकर चिकटते. या सुईचं टोक फार अणकुचीदार, धाग्याच्या पदरात शिरून त्याला फाडते. हिचा आकडा फार खोल, टाक्यातून बाहेर येताना अडकतो. कारागीर वैतागून म्हणाला, जरा चांगली विणणारी बाई आणली असती तर तिला कुठलीही चालली असती.

"तेच की," अनुसूयाक्का म्हणाली. "चांगल्या बाईला कुठली पण चालते. मी अडखळते तिथं नवी बाई अडखळणारच. मला न अडखळणारी सुई पाहिजे."

दुसऱ्या खेपेला तशी सुई झाली. टोक बोथट, आकडा उथळ, अंगठा टेकवायला मधे थोडी सपाटी, आणि लाख फक्त मुठीला. पुढचं लाकूड नुसतंच घोटलेलं. घरी आल्यावर तिनं प्रत्येक सुईचं टोक आपल्या जुन्या रेशमी साडीच्या पदरावरून ओढून बघितलं. एकही धागा उचलला गेला तर ती सुई बाजूला ठेवून पुन्हा घोटायची. त्या साडीचा पदर यातच संपला.

लोकरीचंही तसंच. चकचकीत नकली रेशमाचा धागा तिनं आणून बघितला. तो सुईवरून आपोआप घसरायचा. केसाळ, मऊ लोकर हाताला गोड वाटायची, पण तिच्या लवेत टाके बुडून जायचे. दुकानात ती लडीचा एक पदर चिमटीत धरून उलटा पिळायची. चटकन चार धागे सुटे झाले की लडी परत. शेवटी तिची पसंती ठरली ती घट्ट पिळाची चार पदरी लोकर, आणि रंग सायीचा नाहीतर फिका पिवळा. पुढे शिकायला आलेल्या बायकांना, विशेषतः नुकतं लग्न झालेल्या मुलींना, गडद रंग हवे असायचे. एक मुलगी काळ्या लोकरीसाठी हटून बसली, तेव्हा अनुसूयाक्का शांतपणे म्हणाली, "काळ्यात मलाच टाका दिसत नाही. तुला काय दाखवू?"

हळूहळू पडवीतून पळालेल्या बायका बाजूच्या फाटकातून अंगणात यायला लागल्या. तिथं कोणी उसवत नव्हतं. चुकलं की अनुसूयाक्का विचारायची, "कुठं हरवलीस ते दाखव." बाईला तिचं तिलाच ते सापडायचं.

एका दुपारी कावेरीअक्कांच्या पडवीत एकच विद्यार्थिनी होती आणि अंगणात आम्ही दहाबारा जणी हसत होतो. कावेरीअक्का मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमचं हसणं थांबलं. त्यांनी पुढे होऊन एकीच्या मांडीवरचं काम उचललं. जाड टाके, मधे मधे बोट जाईल अशी भोकं.

"हे क्रोशे?"

"शिकण्यापुरतं, अक्का," अनुसूया उभी राहून म्हणाली.

"पोती विणतात अशी." त्यांनी ते काम हलकेच परत ठेवलं आणि आत गेल्या.

त्यानंतर काही दिवस त्या धाकट्या जावेशी बोलल्या नाहीत. अनुसूयाक्कानं अंगणातला वर्ग बंद केला. सुया एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकल्या. मला फार राग आला. मी म्हटलं, "तुमचं काय चुकलं होतं?"

"काही नाही चुकलं गं," ती म्हणाली. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "पण मी ह्या घरात आले तेव्हा मला भातसुद्धा मोकळा करता येत नव्हता. सासूबाई जमदग्नी. अक्कानं मला सगळं शिकवलं, माझ्या चुका स्वतःच्या म्हणून सांगितल्या. टाके तेवढे शिकवता आले नाहीत तिला. त्या एका गोष्टीसाठी बाकीचं पुसून टाकू होय?"

जावाजावांचं पुढे पूर्ववत झालं. पडवीतला वर्ग मात्र विरळ होत होत बंदच पडला, आणि कावेरीअक्का एकट्याच खांबाला टेकून आपली जाळी विणत बसायला लागल्या. मला मुलगी झाली, क्षमा. तिला कडेवर घेऊन मी कॉफीला जायची. त्या डब्याचा विषय कोणी काढत नसे.

बासष्ट सालच्या शेवटी चीनशी लढाई सुरू झाली. रेडिओपाशी माणसं गोळा होऊन बसायची. मल्लेश्वरमच्या महिला समाजाच्या चिटणीस वसुमतीबाई, एका डॉक्टरांच्या बायको, कामाला वाघीण. त्यांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे करून पाठवायचं ठरवलं. दोन सुयांवर विणता येणाऱ्या बायका स्वेटरला लागल्या. ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी क्रोशाचे मफलर करावेत असं ठरलं, आणि शिकवायला नाव अर्थातच कावेरीअक्कांचं निघालं.

पडवी पुन्हा भरली, पार पायऱ्यांपर्यंत. मीही गेले. लोकरीची पोती आली होती, सगळी गडद हिरवी, फौजी रंगाची. कावेरीअक्कांनी त्यांच्याजवळच्या त्यातल्या त्यात जाड पोलादी सुया वाटल्या. त्या सुयांच्या आकड्यात ती लोकर मावेना. मावली तर पदर सुटे व्हायचे. त्या हिरव्या रंगात कोणाला काही दिसत नव्हतं. बायका काम उजेडात धरून डोळे पुसत होत्या. कावेरीअक्कांनी स्वतः करून दाखवलेला मफलर इतका घट्ट झाला की फळीसारखा उभा राहिला. दोनतीन दुपारी अशाच गेल्या. कावेरीअक्का सगळ्यांवरून नजर फिरवत बसल्या होत्या. मग उठून आत गेल्या. मी पाणी आणायला त्यांच्या मागोमाग गेले.

स्वयंपाकघरात त्या म्हणाल्या, "अनुसूया, तो डबा कुठं ठेवलायस?"

"कुठला डबा?"

"उगी विचारू नको. लाकडी सुयांचा."

अनुसूयाक्का स्टुलावर चढली आणि डबा काढून खाली उतरली. पण तिनं तो लगेच दिला नाही. "अक्का, नुसत्या सुयांनी होणार नाही. ही लोकर पण नको. आधी फिक्या लोकरीवर हात बसू दे. टाका कसा दिसतो ते कळलं की मग हिरवी."

"मग बाहेर ये आणि सांग त्यांना."

"मी?"

"मला शिकवता आलं असतं तर मीच सांगितलं असतं," कावेरीअक्का म्हणाल्या आणि पदर सारखा करून पुढे निघाल्या.

बाहेर वसुमतीबाई आल्या होत्या. अनुसूयाक्कानं अडखळत आपलं म्हणणं सांगितलं. वसुमतीबाईंना ते मुळीच पटलं नाही.

"तिकडे बर्फात माणसं गारठलीत, आणि तुम्ही शाळा भरवायची म्हणता? पांढरे मफलर सैन्यात चालत नाहीत."

"ते मफलर नव्हेत. ते नंतर उसवायचे."

"म्हणजे उसवायला विणायचं?"

दोघीतिघी हसल्या. अनुसूयाक्काचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ती आत निघून जाणार. पण ती खाली वाकली आणि एका बाईच्या मांडीवरचं काम उचलून वसुमतीबाईंसमोर धरलं. "ह्या बाईंनी दोन दुपारी खपून हे केलंय. दर ओळीला एक टाका हरवलाय, कारण शेवटचा टाका त्यांना दिसतच नाही. आता हे त्रिकोणी झालंय. जवानानं हे कुठं बांधायचं?"

वसुमतीबाई काही बोलणार, एवढ्यात कावेरीअक्का म्हणाल्या, "वसुमतीबाई, मी इथं इतकी वर्षं शिकवलं. माझ्याकडे शिकून पुढं विणत राहिलेली एखादी बाई तुम्हाला ठाऊक आहे?"

वसुमतीबाई संकोचून पदराशी चाळा करायला लागल्या.

"मला पण आठवत नाही. ही म्हणते तसं करू द्या."

वसुमतीबाई नुसत्या चिटणीस नव्हत्या, शहाण्याही होत्या. "सरी," म्हणाल्या, "फिकी लोकर कुठून आणायची तेवढं सांगा."

ती घराघरांतून आली. मुलांचे आखूड झालेले स्वेटर, जुनी टोपरी, सगळं उसवून, धुऊन, वाळवून. अनुसूयाक्का प्रत्येकीचे हात बघत पडवीभर फिरायची. घट्ट ओढणारीला आणखी जाड सुई, सैल सोडणारीला थोडी बारीक. कावेरीअक्कासुद्धा एक लाकडी सुई घेऊन खांबाशी बसल्या.

"अक्का, स्वल्प सैल," अनुसूया म्हणाली.

"सैलच आहे."

"नाही."

कावेरीअक्कांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि त्या हसल्या. त्यांना तसं मोकळं हसताना मी तरी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

आमचा पहिला गठ्ठा बांधून होईपर्यंत लढाई थांबली होती. पण माणसं अजून डोंगरावरच होती आणि थंडीही होती. मफलर गेले. सगळे सरळ होते, असं मी म्हणणार नाही, पण बांधता येण्याजोगे होते. आणि त्या बायकांपैकी पुष्कळशा पुढेही येत राहिल्या. पडवीत आता दोघी जावा बसायच्या. नवी बाई आधी अनुसूयाक्काकडे. तिचा हात बसला, बारीक दोरा झेपेलसा वाटला, की अनुसूयाक्का म्हणायची, "आता माझ्याजवळचं संपलं. अक्काकडे जा." कावेरीअक्का अजूनही दोरा ओढून उसवायच्या. पण तोवर बाईला पुन्हा घालता येत असायचं, त्यामुळे कोणी पळून जात नसे.

पुढे आम्ही जयनगरला नव्या घरात राहायला गेलो. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बस बदलाव्या लागत. क्षमा सात वर्षांची झाली तेव्हा तिनं विणायचा हट्ट धरला. मी शिकवायला बसले आणि हरले. ती डावखुरी. माझ्या शेजारी बसून तिला सगळं उलटं दिसायचं, आणि मी तिचा हात धरून उजवा करायला गेले की ती सुई टाकून द्यायची. मी त्रिविक्रमरावांच्या कचेरीत फोन करून निरोप ठेवला.

अनुसूयाक्का लगेच आली नाही, पुढच्या रविवारी आली. केस आता पुष्कळ पिकले होते. आल्या आल्या कॉफीसुद्धा नको म्हणाली. क्षमाच्या शेजारी चटई ओढून ती तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. पिशवीतून लिंबाच्या रंगाची लोकर काढली, आणि सुई डाव्या हातात धरली.

मी म्हटलं, "डाव्या हातानं येतं तुम्हाला?"

"आठवडाभर बसले होते की तेच करत," ती म्हणाली. "कुठं कुठं अडतं ते बघायला. फार वाईट झालंय. अक्का पोट धरून हसली." मग क्षमाकडे वळून म्हणाली, "बस गं मला चिकटून. आपण दोघी चुकू."